एकाच कॉलेजात तीस-चाळीस वर्षं काढलेला बेसबॉल कोच: चांगलं लक्षण की वाईट?

चिंचगुळ:
नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या जेवताना, गाडीत, झोपायच्या आधी एकच विषय असतो, म्हणून शेवटी इथे विचारते.

मुलगा अकरावीत आहे. इथेच अमेरिकेत वाढला, हायस्कूलच्या संघात डावखुरा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) आहे. अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत कॉलेजचे कोच मुलांशी थेट बोलू शकत नाहीत असा नियम आहे. त्या तारखेनंतर फोन यायला लागले आणि आता दोन कॉलेजं गंभीर दिसताहेत.

पहिल्या ठिकाणचा कोच साठी ओलांडलेला. आमचा मुलगा जन्मायच्या आधीपासून तो त्याच कॉलेजात, त्याच डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागी) आहे. संघ एकाआड एक वर्ष एनसीएएच्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत जातो, पण विजेतेपद एकदाही नाही. दुसऱ्या ठिकाणचा कोच तरुण, नुकताच आलेला. प्रयोगशाळेसारखं दालन, चारी बाजूंनी कॅमेरे, चेंडू किती फिरला याचे आकडे लगेच पडद्यावर. मुलगा अर्थातच तिथेच अडकलाय.

नवऱ्याचं म्हणणं: "इतकी वर्षं एका जागी आणि एकही कप नाही? मग हा माणूस करतोय काय?" माझं म्हणणं, इतकी वर्षं त्याला कुणी काढलं नाही याला काही तरी कारण असेलच ना? आम्ही दोघंही क्रिकेटवर वाढलेलो, त्यामुळे आमचं भांडण अज्ञानावरच चाललंय. कॉलेज बेसबॉल जवळून पाहिलेलं कुणी आहे का इथे? अशा कोचची लांबलचक कारकीर्द नक्की मोजायची कशी?

ट्रोजनभक्त:
कप मोजायचे. यजमानांशी सहमत. बाकी सगळी सारवासारव.

पाचवी_इनिंग:
ट्रोजनभक्तांनी नेहमीप्रमाणे एका ओळीत निकाल लावलाय. मी जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

मी फ्लोरिडातल्या टॅलाहासीला हवामानशास्त्रात पीएचडी करायला गेलो आणि नंतरही बरीच वर्षं तिथेच राहिलो. तिथल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचं बेसबॉल मैदान म्हणजे डिक हाऊझर स्टेडियम. तिथे सेक्शन बीमधल्या प्रेक्षकांना 'अ‍ॅनिमल्स' म्हणतात आणि पाचव्या इनिंगला (एका सामन्यात नऊ असतात) ही मंडळी उभी राहून कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणतात. होय, कॅनडाचं. माझं इथलं नाव त्यावरूनच आलंय. तर त्या मैदानावर मी वर्षानुवर्षं ज्या माणसाला पाहिलं त्याच्याबद्दल सांगतो, कारण तुमच्या यजमानांनी विचारलेलाच प्रश्न त्याला जन्मभर ऐकावा लागला.

माइक मार्टिन. पाठीवर ११ नंबर, म्हणून सगळे त्याला 'इलेव्हन'च म्हणत. १९८० ते २०१९ असे ४० हंगाम तो मुख्य कोच होता. २०२९ विजय, ७३६ पराभव, ४ सामने बरोबरीत. कॉलेज बेसबॉलमध्ये दोन हजारांचा टप्पा गाठणारा तो पहिला कोच. चाळीसच्या चाळीस वर्षं संघ एनसीएए स्पर्धेत आणि दर वर्षी किमान ४० विजय. ओमाहाला, म्हणजे शेवटच्या आठ संघांच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजला, १७ वेळा. आणि विजेतेपद एकही नाही. १९८६ला अंतिम सामन्यात अ‍ॅरिझोनाकडून १०-२ असा सपशेल पराभव. १९९९ला मायामीकडून ६-५. तो दुसरा सामना मी डिपार्टमेंटच्या लाउंजमध्ये पाहिला. वर कॉम्प्युटरवर माझं मॉडेल चालू होतं, ते मध्येच बंद पडलं, आणि मला रात्रीपर्यंत त्याचा पत्ताही नव्हता.

आता हा माणूस यशस्वी की अपयशी? उत्तर देण्याआधी कॉलेज कोचचं काम काय असतं ते बघा. क्रिकेटवाल्यांच्या डोक्यात हे लवकर शिरत नाही. माझ्याही नव्हतं शिरलं.

त्याचा संघ टिकतच नाही. मुलगा चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वयाची २१ होईपर्यंत मेजर लीगचे व्यावसायिक संघ त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, घेऊ शकत नाहीत. तिसरं वर्ष संपलं की चांगले सगळे जातात. म्हणजे कोचने घडवलेला खेळाडू ऐन भरात येतो त्याच उन्हाळ्यात निघून जातो. आणि ज्याला हायस्कूलमधून आणायला कोच दोन वर्षं खपला, तो पोरगा इतका चांगला निघतो की हायस्कूल संपताच ड्राफ्ट होतो, सही करतो आणि कॉलेजचं तोंडही बघत नाही. या दोन गळत्यांच्या मधे जो उरतो तो संघ. मार्टिनने असा संघ चाळीस वेळा उभा केला.

पैशांचीही तऱ्हा होती. बरीच वर्षं डिव्हिजन वनच्या (सर्वांत वरच्या गटातल्या) बेसबॉल संघाला मिळून ११.७ पूर्ण स्कॉलरशिप देता येत. त्या जास्तीत जास्त २७ मुलांत वाटायच्या आणि संघ ३५ जणांचा. म्हणजे याला पन्नास टक्के, त्याला पंचवीस टक्के, उरलेले आठ जण स्वतःच्या खर्चाने. कुठल्या पोराच्या बापाला काय सांगायचं आणि सांगितलेलं पुढच्या वर्षी पाळायचं कसं, यातच कोचची निम्मी अक्कल लागायची. २०२५-२६पासून न्यायालयीन तडजोडीमुळे चित्र बदललंय. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघ ३४ जणांचाच. तुमच्या मुलाला हाच नियम लागू होईल, तेव्हा दोन्हीकडे विचाराच की तुम्ही सामील आहात का आणि त्या ३४ जागांपैकी पिचर किती ठेवता.

मग लांब कारकिर्दीचा फायदा काय? एक उदाहरण पुरे. बस्टर पोझी २००६ला फ्लोरिडा स्टेटला आला तेव्हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता. दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) केलं. चांगला चाललेला शॉर्टस्टॉप उचलून मुखवटा घालून खाली बसवायचा, हे ज्याच्या नोकरीवर टांगती तलवार आहे तो कोच करत नाही. २००८ला तर एका सामन्यात पोझी नऊच्या नऊ जागांवर खेळला आणि त्याच सामन्यात त्याने ग्रँड स्लॅमही (एका फटक्यात चार धावा) ठोकला. त्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर उचललं. पुढे कॅचर म्हणून तीन वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची विजेतेपदं): २०१०, २०१२, २०१४. हे फळ फ्लोरिडा स्टेटच्या कपाटात नाही, सॅन फ्रान्सिस्कोत आहे.

आणि स्टेडियमला ज्याचं नाव आहे त्या डिक हाऊझरची गंमत ऐका. तो १९७९चा एकच हंगाम तिथे कोच होता. लगेच न्यूयॉर्क यँकीजने बोलावलं आणि तो गेला. पुढे १९८५ला कॅन्सस सिटीबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकला. फ्लोरिडा स्टेटला त्याच्या जागी त्याचा सहायक आला, तो हा मार्टिन. एक वर्ष राहिलेल्याचं नाव स्टेडियमला, चाळीस वर्षं राहिलेल्याचं आतल्या मैदानाला. मला यात काही खटकत नाही, पण नवख्या माणसाला हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.

त्याचा शेवटचा हंगाम, २०१९. संघ सुमार. स्पर्धेत जागा मिळाली तीच काठावरची, ३६ विजयांवर. म्हणजे दर वर्षी ४० विजयांची परंपरा शेवटच्याच वर्षी तुटणार असं दिसत होतं. मग अथेन्सला जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या मैदानावर सलग तीन जिंकले. पुढे बॅटन रूजला एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या) घरात दोन, त्यातला दुसरा १२ इनिंगपर्यंत लांबलेला. चाळिसावा विजय तिथे आला. ओमाहात पहिला सामना आर्कान्सासविरुद्ध १-०, मग मिशिगन आणि टेक्सस टेककडून पराभव. संपलं. फेब्रुवारी २०२४मध्ये मार्टिन वारला, ऐंशीला काही दिवस बाकी असताना.

आता तुमच्या कामाची गोष्ट, चिंचगुळताई. मार्टिननंतर त्याचा मुलगा कोच झाला. तो वीसहून अधिक वर्षं वडिलांच्या हाताखाली सहायक होता. तीन हंगामांत त्याला जावं लागलं. मग मार्टिनचाच जुना शॉर्टस्टॉप लिंक जॅरेट नोत्र दामहून आला आणि त्याचा पहिला हंगाम २३ विजय, ३१ पराभव. इतक्या दशकांत पहिल्यांदाच स्पर्धेबाहेर. दुसऱ्याच वर्षी, २०२४ला, संघ पुन्हा ओमाहात. पण मधल्या त्या दोन-चार वर्षांत जी मुलं तिथे होती त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. साठी ओलांडलेल्या कोचकडे मुलाला पाठवताना विजेतेपदं मोजू नका. तो किती वर्षं राहणार आणि त्याच्यामागे कोण, हे विचारा.

ट्रोजनभक्त:
सुंदर लिहिलंय, पण वकिली आहे. "संघ टिकत नाही" हे सगळ्यांनाच लागू होतं ना? मग रॉड डेडोला कसं जमलं?

मी लॉस एंजेलिसचा, यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचा. डेडो १९४२ ते १९८६ असे ४५ हंगाम तिथे कोच. ११ राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली १९७० ते १९७४ अशी सलग पाच. पगार वर्षाला एक डॉलर! कारण पोट चालायचं त्याच्या ट्रक वाहतुकीच्या कंपनीवर, जी त्याने ५०० डॉलरवर सुरू केली होती. स्वतः मेजर लीगमध्ये १९३५ला ब्रुकलिन डॉजर्सकडून फक्त दोन सामने खेळला. भेटेल त्याला 'टायगर' म्हणायचा, म्हणजे कुणाचं नाव आठवायचा प्रश्नच नाही. त्याच्याकडून टॉम सीव्हर, फ्रेड लिन, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर गेले.

१९७३चा मिनेसोटाविरुद्धचा ओमाहातला सामना काढून बघा. समोर पिचर कोण, तर डेव्ह विनफील्ड, १५ जणांना बाद केलेला. नवव्या इनिंगला यूएससी ०-७ मागे. जिंकले ८-७. आणि पुढे कपही.

"तो काळ वेगळा होता" म्हणाल, तर ऑगी गॅरिडो घ्या. एकूण १९७५ विजय, मार्टिनच्या आधीचा विक्रम त्याचाच. त्याने कॅल स्टेट फुलर्टनला १९७९, १९८४, १९९५ आणि टेक्ससला २००२, २००५ अशी पाच विजेतेपदं दिली. एलएसयूच्या स्किप बर्टमनने १८ हंगामांत पाच. म्हणजे भरपूर सामने जिंकणारा आणि कपही जिंकणारा कोच असू शकतो. १७ वेळा दारात जाऊन १७ वेळा परत येणं याला नुसतं नशीब म्हणता येणार नाही.

पाचवी_इनिंग:
गॅरिडोचा मुद्दा मान्य. डेडोचा अर्धाच मान्य. १९९९पासून ६४ संघ असतात, आधी चार संघांची फेरी, मग तीन सामन्यांची सुपर रीजनल आणि मगच ओमाहा. डेडोच्या काळी ही चाळणी एवढी बारीक नव्हती. आणि हो, मार्टिनच्या बाजूनेही आकडे थोडे फुगलेले आहेत. ऐंशीच्या दशकात हे लोक हंगामाला सत्तरच्या वर सामने खेळायचे, आता नियमित हंगामात ५६ची मर्यादा आहे.

पण १७ वेळा का हुकलं याचं माझं स्वतःचं उत्तर आहे आणि ते नशीब नाही. मार्टिनचे फलंदाज चेंडू सोडण्यात पटाईत होते. पिचरला दमवायचं, वॉक (चार वाईट चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) घ्यायचे, बेस भरायचे, मग एक फटका. आठवड्यामधल्या मंगळवारच्या सामन्यात समोरच्याचा चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा पिचर असतो, त्याची यात भंबेरी उडते. ५६ सामन्यांच्या हंगामात असे दमवलेले पिचर भरपूर मिळतात, म्हणून ४० विजय. ओमाहात मात्र समोर रोज पहिल्या दर्जाचा पिचर, जो वॉक देतच नाही. त्यात २०११ला नवी बॅट आली, त्याच वर्षी नवं मोठं मैदान आलं, होम रन आटले. जी पद्धत चाळीस वर्षं कधी कोसळू देत नव्हती तीच शेवटच्या आठवड्यात कमी पडायची. एकाच सवयीची ही दोन टोकं आहेत. मार्टिनने ती बदलली असती तर कदाचित एखादा कप आला असता आणि मधे पाच-सात हंगाम वाया गेले असते. मी टॅलाहासीकर, मला हा सौदा चालला असता का? १९९९च्या त्या रात्री विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो.

जोलिएटकर:
सगळी चर्चा डिव्हिजन वनचीच चाललीय. इलिनॉयकडे एक गॉर्डी गिलेस्पी म्हणून गृहस्थ होते. ५९ हंगाम, १८९३ विजय. लुईस युनिव्हर्सिटी, मग जोलिएटचं सेंट फ्रान्सिस, मग विस्कॉन्सिनमधलं रिपन आणि तिथून परत सेंट फ्रान्सिस. वयाची ऐंशी ओलांडल्यावरही डगआउटमध्ये. मधल्या काळात एका हायस्कूलला फुटबॉल शिकवून राज्याची पाच विजेतेपदंही मिळवून दिली, ते वेगळंच. गॅरिडोने २०१४ला मागे टाकेपर्यंत कॉलेज बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त विजय यांच्याच नावावर होते, आणि टीव्हीवर कुणी कधी पाहिलं नसेल.

रिपन डिव्हिजन थ्री आहे, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. म्हणजे जो मुलगा येतो तो खेळायलाच येतो आणि बहुधा चारही वर्षं राहतो. ताई, तिसरा पर्याय म्हणून असं एखादं कॉलेज यादीत ठेवा. प्रत्येक डावखुऱ्याला ड्राफ्टच व्हायचं असतं असं नाही.

चिंचगुळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने अख्खा धागा वाचला आणि "एक डॉलर पगार" एवढंच लक्षात ठेवलंय.

पाचवी_इनिंग, तुम्ही म्हणालात तसं काल विचारलं. जुन्या कोचने सरळ सांगितलं की माझा करार तीन वर्षांचा उरलाय, पुढचं माहीत नाही. पिचिंग कोच बारा वर्षं त्यांच्याकडेच आहे. तरुण कोचचा पिचिंग कोच मात्र दोन वर्षांत दुसरा. मुलाला हे ऐकून जरा धक्का बसला, कारण कॅमेऱ्यांबद्दल जो भरभरून बोलला होता तो पिचिंग कोच आता तिथे नाहीच!

अजून एक विचारते. पहिल्या वर्षी मुलाला खरंच टाकायला मिळेल का, हे कसं ओळखायचं? दोघंही "नक्कीच" म्हणतात.

पाचवी_इनिंग:
"नक्कीच" सगळेच म्हणतात, त्याला दमडीची किंमत नाही. दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवर गेल्या तीन हंगामांचे स्कोअरकार्ड असतात. त्यातले मंगळवार-बुधवारचे सामने उघडा. शुक्रवार, शनिवार, रविवार हे मुख्य पिचरांचे, तिथे पहिल्या वर्षाचा मुलगा क्वचित दिसेल. आठवड्यामधले सामने कोण सुरू करतं ते बघा. पहिल्या वर्षाची मुलं असतील तर हा कोच नव्यांना खरंच संधी देतो. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून, आणलेले तिसऱ्या-चौथ्या वर्षाचेच दिसले तर ते "नक्कीच" विसरा.

शिवाय एकेका मुलाने एका सामन्यात किती चेंडू टाकले तेही तिथेच मिळतं. शुक्रवारी शंभरच्या वर टाकून तोच मुलगा रविवारी पुन्हा बुलपेनमधून, म्हणजे बदली पिचर म्हणून, आलेला दिसला, तर कोच साठीचा असो की तिशीचा, फोन ठेवून द्या.

ट्रोजनभक्त:
या शेवटच्या वाक्याला माझंही अनुमोदन. पहिल्यांदाच.